रिस्टोअर केलेली १९६९ ची कॅमारो घेताय? तपासणीचा क्रम उलटा करू नका

जुनी मसल कार (मोठ्या इंजिनाची ताकदवान अमेरिकन गाडी) बघायला गेलेला माणूस साधारण असं करतो. लांबून रंग बघून खूश होतो, बॉनेट उघडायला लावतो, "जरा स्टार्ट करा की" म्हणतो, व्ही-८ चा आवाज ऐकला की एक चक्कर मारून येतो आणि सगळ्यात शेवटी कागद मागतो. तोवर मनातल्या मनात सौदा झालेला असतो. मग इंजिनचा नंबर जुळत नाही हे दिसलं तरी "असू दे, चालायचंच" म्हणत चेक फाडला जातो. चुकीचा असतो तो हा क्रमच.

खालची पद्धत १९६९ च्या शेव्हरोले कॅमारो कूपेसाठी लिहिली आहे, कारण अमेरिकेत न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत आपली मंडळी सगळ्यात जास्त हिच्याच जाहिराती पाठवून "घेऊ का?" विचारतात. शेव्हेल, फायरबर्ड, जीटीओ घेणाऱ्यालाही क्रम हाच. नंबरांचा अर्थ तेवढा बदलेल. एका टप्प्यावर गाडी अडली आणि विकणाऱ्याकडे त्याचं पटेल असं उत्तर नसेल, तर पुढच्या टप्प्याला जायचंच नाही. पुढे गेलात की मन वळतं.

## टप्पा १: फोनवरच निम्मी चाळणी

तीन-चारशे मैल गाडी हाकत जाण्याआधी एवढं विचारा.

टायटल (मालकीचा कागद) कोणाच्या नावावर आहे? विकणाऱ्याच्याच नावावर हवं. "मित्राची गाडी आहे, मी फक्त विकून देतोय" असं उत्तर आलं तर मित्राचा नंबर मागा आणि त्याच्याशीच बोला. टायटल स्वच्छ आहे की त्यावर सॅल्व्हेज (मोडीत काढलेली) किंवा रीबिल्टचा (मोडीतून पुन्हा बांधलेली) शिक्का आहे, हेही तोंडी विचारून घ्या आणि फोटो मागवा.

रंग देण्याआधीचे फोटो आहेत का? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. ज्याने मनापासून काम केलं किंवा पैसे मोजून करून घेतलं, त्याच्याकडे उघड्या पत्र्याचे, कापलेल्या फ्लोअरचे, वेल्डिंगचे फोटो हमखास असतात. तो ते दाखवायला उतावीळच असतो. फोटो नाहीत, पावत्या नाहीत, फक्त "फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन" (बॉडी फ्रेमवरून उचलून केलेलं काम) एवढंच ऐकू आलं तर सावध व्हा. शिवाय या कॅमारोला पूर्ण लांबीची वेगळी फ्रेम नसतेच. मागचा भाग युनिबॉडी, म्हणजे फ्रेम आणि बॉडी एकच, आणि पुढे बोल्टने जोडलेली सबफ्रेम, अशी तिची रचना. हे ज्याला माहीत नाही, त्याने काम कसं करून घेतलं असेल याचा अंदाज बांधा.

मायलेज (गाडी आजवर किती मैल चालली) किती, हे विचारूच नका, किंवा विचारलंत तरी उत्तराला किंमत देऊ नका. तिच्या ओडोमीटरला मैलांचे पाचच आकडे आहेत. ९९,९९९ नंतर आकडे पुन्हा शून्यावर येतात. "ओरिजिनल ६२ हजार मैल" ही गोष्ट जुन्या सर्व्हिस पावत्यांशिवाय सिद्ध होत नाही. गाडीचा इतिहास सांगणारे नेहमीचे ऑनलाइन रिपोर्टही इथे चालत नाहीत, कारण ते १७ अक्षरी नंबरावर चालतात आणि तो नंबर १९८१ पासून आला.

शेवटची विनंती: "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका."

सावधान: पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर तासा-दोन तासांत इंजिन चालवलेलं आहे. चहा पिऊन या, गाव बघून या, पण इंजिन गार होईपर्यंत टप्पा ५ करू नका. थंड इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन लपवतं.

## टप्पा २: नंबर

सोबत चांगला टॉर्च, छोटा आरसा, मऊ कापड, फोन, कागद-पेन्सिल, कापडात गुंडाळलेलं लवचीक मॅग्नेट आणि शक्य असेल तर रंगाची जाडी मोजणारं मीटर घ्या. मीटर भाड्याने किंवा उसनं मिळत असेल तर जरूर न्या.

व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर. १९६८ पासून याची पट्टी डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या काचेतून दिसेल अशी असते. १३ अक्षरं. १९६९ च्या व्ही-८ कूपेचा नंबर १२४३७९ ने सुरू होतो: १ म्हणजे शेव्हरोले, २४ म्हणजे व्ही-८ कॅमारो (सहा सिलिंडरची असेल तर २३), ३७ म्हणजे कूपे, कन्व्हर्टिबलला ६७, आणि ९ म्हणजे मॉडेल वर्ष. पुढचं अक्षर कारखान्याचं. एन असेल तर ओहायोतलं नॉरवुड, एल असेल तर कॅलिफोर्नियातलं व्हॅन नाइस. उरलेले सहा आकडे क्रमांकाचे.

इथेच बहुतेक जण फसतात. झेड/२८ आणि एसएस या कॅमारोच्या जास्त ताकदीच्या, महाग आवृत्त्या. १२४ बघून ते म्हणतात, "व्ही-८ आहे, म्हणजे खरी झेड/२८." व्हीआयएन तसं काहीच सांगत नाही. एसएस, झेड/२८, साधी ३२७ घनइंची, सगळ्यांना तेच १२४. नंबर १२३ ने सुरू होत असेल आणि गाडीवर झेड/२८ चे बिल्ले असतील तर ती खोटी, एवढंच त्यावरून ठरतं. उलट बाजूने काहीच सिद्ध होत नाही.

डॅशवरची पट्टी दोन खास रिव्हेटांनी बसवलेली असते; वरून बघितलं तर पाकळ्यांचा आकार दिसतो. साधे गोल पॉप रिव्हेट, स्क्रू, किंवा रिव्हेटभोवती ओरखडे दिसले तर थांबा. याच नंबराचा काही भाग बॉडीवर आणखी दोन ठिकाणी ठोकलेला असतो: एक फायरवॉलवर हीटरच्या डब्यामागे, दुसरा काचेखालच्या जाळीच्या पट्टीखाली, पॅसेंजरच्या बाजूला. हीटरचा डबा काढायला कोणी तयार होणार नाही. जाळीची पट्टी काढणं मात्र अवघड नाही. मालकाने परवानगी दिली तर काढून बघा. हा खटाटोप एवढ्यासाठी की आज १९६९ च्या कॅमारोचा अख्खा नवा सांगाडा विकत मिळतो, डायनाकॉर्न ही कंपनी तो बनवते. नव्या सांगाड्यावर बांधलेली गाडी वाईट नसते, पण ती तशी सांगून विकली पाहिजे. जुन्या गाडीची व्हीआयएन पट्टी उपटून दुसऱ्या बॉडीवर लावणं अमेरिकेत संघीय गुन्हा आहे, आणि पोलिसांनी गाडी ताब्यात घेतली तर ती तुमच्या दारातून जाते, विकणाऱ्याच्या नाही.

ट्रिम टॅग. फायरवॉलवर ड्रायव्हरच्या बाजूला असलेली छोटी पत्र्याची पट्टी. त्यावर रंगाचा, सीटच्या कापडाचा कोड आणि बांधणीचा महिना-आठवडा असतो. उदाहरणार्थ ०३बी म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा. रंगाचा कोड ७१ म्हणजे ले मान्स ब्लू, ७२ म्हणजे हगर ऑरेंज. समोर गाडी केशरी आणि टॅगवर ७१, तर रंग बदललेला आहे. त्यात गैर काही नाही, पण "फॅक्टरी रंग" म्हणून लावलेली किंमत खाली आली पाहिजे.

नॉरवुडच्या गाड्यांवर मॉडेल वर्ष सुरू झाल्यावर काही महिन्यांनी टॅगवर एक्स कोडही येतो. एक्स३३ आणि एक्स७७ हे झेड/२८ चे. एक्स११ वरून गाडी एसएसच आहे असं ठरत नाही. ती साधीही असू शकते. "एक्स११ आहे, म्हणजे एसएस" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईलच, त्यावर मान डोलावू नका. व्हॅन नाइसच्या गाड्यांवर हा कोड नसतो, म्हणून तो नाही याचाही वेगळा अर्थ काढू नका. शिवाय टॅगवर व्हीआयएन नसतो, म्हणजे टॅग दुसऱ्या गाडीचाही असू शकतो.

इंजिन. पॅसेंजरच्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या अगदी पुढे ब्लॉकवर एक सपाट पॅड असतं. अल्टरनेटर आणि ब्रॅकेटच्या गर्दीत वाकून, टॉर्च आडवा धरून बघावं लागतं. मऊ कापडाने तेल पुसा. वायर ब्रश, सँडपेपर अजिबात लावू नका. तिथे दोन नोंदी हव्यात. एक, इंजिन कारखान्याची: व्ही म्हणजे फ्लिंट, टी म्हणजे टोनावांडा, मग महिना-दिवसाचे चार आकडे आणि शेवटी दोन अक्षरं. झेड/२८ च्या ३०२ घनइंची इंजिनाला डीझेड. दुसरी, गाडीच्या नंबराची: १९एन आणि पुढे तेच सहा आकडे.

आता अक्षरं सोडा आणि धातूकडे बघा. फॅक्टरीत मशीनिंग केलेल्या पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा असतात. आडव्या उजेडात त्या दिसतात, आणि खरे आकडे त्या रेघांवर ठोकलेले असतात. पॅड आरशासारखं गुळगुळीत असेल, रेघा गोल गोल असतील, किंवा आकड्यांची खोली आणि ओळ फारच टापटीप असेल, तर पॅड घासून नवे आकडे ठोकल्याची शक्यता मोठी. रीबिल्डमध्ये ब्लॉकचा वरचा भाग प्रामाणिकपणे मशीन केल्यानेही रेघा जातात, पण मग मूळ आकडेही पुसट होतात किंवा जातात. रेघा गेल्या आणि आकडे मात्र ताजे ठसठशीत, या जोडीचं उत्तर मागा. आपल्याकडे आरटीओत चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा काढतात ना, तसा इथेही काढून घ्या. फोटोत चकाकीमुळे जे हरवतं ते कागदावर उतरतं.

मग तारखा जुळवा. ब्लॉकच्या मागच्या टोकाला ओतकामाची तारीख असते: सी १२ ९ म्हणजे १२ मार्च १९६९. आधी ओतकाम, मग इंजिनची जुळणी, मग गाडीची बांधणी. हा क्रम उलटला की इंजिन मूळचं नाही. एक मात्र लक्षात ठेवा: १९७० चं मॉडेल लांबल्यामुळे १९६९ च्या गाड्या त्या वर्षीच्या शरद ऋतूपर्यंत बनत होत्या, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरची तारीख दिसली तर लगेच बिचकू नका.

कागद. पोंटियाकच्या मूळ फॅक्टरी नोंदी पीएचएस (पोंटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) कडून आणि १९६७ पासूनच्या फोर्डच्या मार्टी रिपोर्टमधून मिळतात. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेसाठी अशी सोय नाही. म्हणून बिल्ड शीट (कारखान्यातली बांधणीची यादी), खिडकीवरचा मूळ स्टिकर, प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही वॉरंटीची धातूची पट्टी यांना भाव येतो, आणि याच कारणाने त्यांच्या नकलाही होतात. एक कागद पुरावा ठरत नाही. कागद, टॅग, पॅड आणि खालचे सुटे भाग एकच गोष्ट सांगतायत का, ते बघा.

पुढे जाण्याआधी: झेड/२८ म्हणून विकली जात असेल तर १९६९ साली ती फक्त चार गिअरच्या मॅन्युअलमध्ये, पुढच्या डिस्क ब्रेकसह आणि १२ बोल्टच्या मागच्या अ‍ॅक्सलसह यायची, एसी मिळत नसे. ऑटोमॅटिक किंवा फॅक्टरी एसी असलेली "झेड/२८" दाखवली तर हसून निरोप घ्या. साधी कॅमारो म्हणून तीच गाडी योग्य भावात मिळत असेल, तर मी स्वतः तिलाच पसंती देईन. नुसत्या नंबरांसाठी लाखभर डॉलर मोजायचे आणि मग गाडी पावसात काढायची भीती, हे प्रत्येकाला मानवत नाही.

## टप्पा ३: पत्रा

इंजिन नवं बांधता येतं, गिअरबॉक्स दुरुस्त होतो. पैसे खाते ती बॉडी. म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, आणि दिवसाउजेडी. गॅरेजमधल्या ट्यूबलाइटखाली किंवा पाऊस पडून गेल्यावर ओली गाडी बघू नका. ओलसर रंगावर सगळं सपाट दिसतं.

आधी फटी बघा. दरवाजा आणि पुढचं मडगार्ड, दरवाजा आणि मागचा क्वार्टर (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा), बॉनेट आणि मडगार्ड. फट वरून खालपर्यंत निमुळती होत असेल तर सबफ्रेम हललेली आहे, किंवा दरवाजाच्या बिजागरीच्या पिना झिजल्या आहेत. ते ओळखणं सोपं: दरवाजा उघडताना जरा वर उचलून बघा. हे दरवाजे लांब आणि जड आहेत, पिना झिजतातच. पिना-बुश बदलणं किरकोळ काम आहे, सबफ्रेम सरळ करणं नाही. फटी अगदी मोजून मारल्यासारख्या असतील तर कौतुकाबरोबर संशयही घ्या. फॅक्टरीतून त्या तशा येत नव्हत्या, आणि कडा कधीकधी पुट्टीने "घडवलेल्या" असतात.

आता मॅग्नेट आणि मीटर. फॅक्टरी रंगाचा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉन, चांगल्या नव्या कामात २०० ते ३०० सहज होतो. ५०० च्या पुढे आकडा गेला की खाली पुट्टी आहे. हजारच्या पुढे म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा जास्त. पातळ थर कोणत्याही रिस्टोरेशनमध्ये असतोच, त्यावरून वाद घालू नका. जाड थर कुठे आहे ते बघा. मागच्या चाकाच्या कमानीभोवती आणि क्वार्टरच्या खालच्या भागात तो सापडला तर गंज कापलाय की नुसता झाकलाय, हा प्रश्न उरतो.

सावधान: छत आणि मागचा क्वार्टर जिथे जुळतात तिथे मॅग्नेट नीट चिकटलं नाही म्हणून घाबरू नका. तो सांधा फॅक्टरीतच शिसं भरून सपाट केलेला असे, आणि शिशाला मॅग्नेट धरत नाही.

गंजाच्या नेहमीच्या जागा: पुढच्या मडगार्डचा चाकामागचा खालचा कोपरा, रॉकर (दरवाजाखालची लांब पट्टी), डिक्कीचा तळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे खोलगट भाग, मागच्या काचेची खालची चौकट. व्हिनाइल छत असेल तर या शेवटच्या जागेवर दुप्पट वेळ घाला. व्हिनाइलखाली पाणी धरून राहतं आणि वरून काही दिसत नाही. बोटांनी दाबत जा. बुडबुडे किंवा कुरकुर लागली की समजा.

डिक्कीतलं कार्पेट उचला. आत बसून क्वार्टरची आतली बाजू आणि चाकाच्या घराचा सांधा टॉर्चने बघा. फॅक्टरीचे स्पॉट वेल्ड गोल, ठरावीक अंतरावर. नंतरचं काम ओबडधोबड दिसतं किंवा वर जाड सीलर फासलेला असतो. क्वार्टर बदललाय, यात वाईट काही नाही, पन्नासहून जास्त वर्षांच्या गाडीत ते अपेक्षितच आहे. बदललेला अख्खा आहे की जुन्यावर पत्रा डकवलाय, हे फरकाचं. इथे टप्पा १ मधले फोटो उपयोगी पडतात: फोटोतलं वेल्डिंग आणि समोरचं वेल्डिंग एकच आहे का बघा.

पाण्याची चाचणी. ही सगळे विसरतात, आणि हीच सगळ्यात जास्त पैसे वाचवते. बॉनेट आणि काचेमधल्या जाळीखाली एक पोकळी आहे. पावसाचं पाणी तिच्यातून दोन्ही बाजूंनी खाली, पुढच्या मडगार्डमागून बाहेर पडायला हवं. पानं-कचरा साचून ती आतून कुजते, आणि बाहेरून कितीही रंग मारला तरी तिथे हात पोचत नाही. मालकाला विचारून, पुढची कार्पेट उचलून, जाळीत हळूहळू दोन-तीन लिटर पाणी ओता. एक जण बाहेर, एक जण आत पायांजवळ टॉर्च घेऊन. बाहेर दोन्ही बाजूंना धार लागली आणि आतली फायरवॉल कोरडी राहिली तर उत्तम. पेडलच्या वर एक थेंब ओघळताना दिसला, तर त्या थेंबामागे डॅश काढणं, काच काढणं, वरचा पत्रा उघडून वेल्डिंग आणि पुन्हा रंग, एवढं सगळं उभं आहे. मालक पाणी ओतू देत नसेल तर का, ते विचारा.

## टप्पा ४: खालून

गाडी लिफ्टवर घ्या. जवळच्या गॅरेजला अर्ध्या तासाचे पैसे द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका, स्टँड लावल्याशिवाय तर नाहीच.

खाली काळं, ताजं, जाड अंडरकोटिंग मारलेलं असेल तर ते गंजापासून संरक्षण असेलही. पण विक्रीच्या तोंडावर मारलेलं असेल तर झाकण आहे. प्लास्टिकच्या दांड्याने हलकेच ठोकून बघा. पत्र्याचा आवाज टणक येतो, कुजक्या जागेचा बद्द. सबफ्रेमचे मागचे बोल्ट जिथे फ्लोअरला धरतात ती जागा बारकाईने बघा, तिथला गंज गंभीर. रबर बुश चेपलेत का? स्टिअरिंग बॉक्स बसतो तिथे सबफ्रेमला तडा किंवा वेल्डिंगचा ठिगळ आहे का? मागचे कमानपाटे सरळ आहेत की एका बाजूला झोपलेत?

मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्ककडची गाडी असेल तर हा टप्पा आणखी सावकाश. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, आणि डेट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची खाण आहे. तिथे मिठाची कंजुषी कोण करणार. कॅलिफोर्निया-अ‍ॅरिझोनाच्या गाड्यांचा पत्रा कोरडा असतो, पण उन्हाने रबर, डॅश, सीट मात्र गेलेली असतात.

इंजिनच्या मागच्या सीलमधून एखादा थेंब तेल या जुन्या शेव्हींना माफ. खाली थारोळं असेल तर नाही.

## टप्पा ५: थंड इंजिन

सुरू करण्याआधी तेलाची पट्टी काढा, रेडिएटरचं झाकण उघडा (गार असतानाच, नाहीतर तोंड भाजेल). तेलात दुधाळ रंग किंवा कूलंटवर तेलाची तवंग दिसली तर इथेच थांबा.

मालकाला सुरू करू द्या आणि तुम्ही मागे उभे राहा. सुरू होताक्षणी निळा धूर येऊन दोन सेकंदात गेला तर व्हॉल्व्हचे सील, स्वस्तातलं काम. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना निळा धूर येत राहिला तर पिस्टन रिंग, महागातलं. पांढरा धूर आणि गोडसर वास म्हणजे कूलंट जळतंय. काळा धूर बहुतेक चोक किंवा कार्ब्युरेटरचं ट्यूनिंग. थंडीत थोडी वाफ निघणारच, तिला धूर समजू नका.

तेलाचा दाब: इंजिन पूर्ण गरम झाल्यावर दर हजार आरपीएममागे साधारण १० पीएसआय. साध्या कॅमारोला दाबाचा काटा नसतो, फक्त दिवा. काटा नंतर बसवलेला असेल तर तो यांत्रिक आहे की इलेक्ट्रिक, ते विचारा. १५-२० मिनिटं जागेवर चालू ठेवा. तापमान चढतच राहिलं तर आधी पंख्याभोवतीचं आवरण जागेवर आहे का बघा, रिस्टोरेशनमध्ये ते हमखास गायब होतं.

पेट्रोलचा वास येतोय? रबरी नळ्यांवरचा छापा वाचा. जुन्या पद्धतीचं रबर आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने मऊ पडून तडकतं, आणि गरम एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकण्याची जागा या गाडीत फार लांब नसते.

## टप्पा ६: ब्रेक, टायर, वायरिंग

हे चालवण्याआधी. टायरची रेघ न् रेघ शाबूत असेल तरी बाजूचा डीओटी कोड बघा: २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. शेवटी तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा, त्यावर हायवेला जायचं नाही. शोभेच्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात.

ब्रेक पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट धरा. खाली सरकत गेलं तर मास्टर सिलिंडर. डॅशखाली वाकून वायरी बघा. नवा हार्नेस ओळखू येतो. निळे-पिवळे चिमटे लावून जोडलेल्या वायरींची वेटोळी असतील तर आग लागण्याचं ते एक नंबरचं ठिकाण. आरएस पॅकेज (झाकलेल्या हेडलाइटची सजावट) असेल तर हेडलाइटवरची दारं व्हॅक्यूमवर चालतात. दोन्ही एकदम, सारख्या वेगाने उघडली पाहिजेत. एक डोळा अर्धा मिटलेला राहिला तर कुठेतरी नळी गळतेय, शोधायला कंटाळवाणी पण स्वस्त.

## टप्पा ७: चालवा

विमा आहे ना, ते आधी विचारा. मग रिकाम्या पार्किंगमध्ये ब्रेक, त्यानंतर ताशी ३० मैल, शेवटी हायवे. रेडिओ बंद.

ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का? स्टिअरिंगला थोडा ढिलेपणा या काळच्या गाड्यांत असतो. सरळ रस्त्यावर सतत सावरावी लागत असेल तर तो जास्त आहे. मॅन्युअलमध्ये गिअर पकडून अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गिअर आपोआप बाहेर उडी मारतो का बघा. वरच्या गिअरमध्ये चढावर दाबा. आवाज वाढला पण वेग नाही, तर क्लच गेला. पाय काढल्यावर मागून हुंकार येत असेल तर डिफरन्शियल.

परत आल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, आणि पुन्हा सुरू करा. एक्झॉस्टची उष्णता स्टार्टरपर्यंत पोचते आणि गरम गाडी किल्ली फिरवूनही हलत नाही. हेडर (एक्झॉस्टचे जाड पाइप) बसवलेल्या गाड्यांत ही तक्रार फार. पहिल्या पेट्रोल पंपावर तुम्हाला ती कळेल, त्यापेक्षा मालकाच्या अंगणात कळलेली बरी.

## टप्पा ८: पैसे

एवढं करूनही रक्कम मोठी असेल तर काहीशे डॉलर देऊन कॅमारोचेच नंबर तपासणारा स्वतंत्र जाणकार बोलवा. विकणाऱ्याने सुचवलेला नाही.

भाव ठरवताना सापडलेल्या गोष्टी दोन याद्यांत घाला: पत्रा आणि ओळख एकीकडे, झिजणारे भाग दुसरीकडे. दुसऱ्या यादीवर घासाघीस करा. पहिल्या यादीत मोठी नोंद असेल तर घासाघीस करून उपयोग नाही, भावच वेगळा हवा.

पैसे देण्याआधी विमा उतरवा, आणि तो "अ‍ॅग्रीड व्हॅल्यू" प्रकारचा, म्हणजे आधी ठरलेली रक्कम पूर्ण मिळेल असा. साध्या विम्यात गाडीची किंमत घसारा काढून धरतात. "स्टेटेड व्हॅल्यू" हे नाव ऐकायला जवळचं आहे पण कंपनीला कमी देण्याची मुभा राहते. क्लासिक विम्याला बहुधा बंद गॅरेज आणि रोजच्या वापराची दुसरी गाडी लागते.

कॅशिअर्स चेक देणार असाल तर विकणाऱ्याच्याच बँकेत भेटा आणि तिथेच टायटल हातात घ्या. सही करण्याआधी टायटलवरचा नंबर आणि डॅशवरचा नंबर एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. जुन्या कागदांवर एखादा आकडा इकडचा तिकडे झालेला निघतो, आणि मोटार खात्यात तो दुरुस्त करायला महिने जातात. बिल ऑफ सेलवरही तोच नंबर लिहून घ्या.

## टप्पा ९: घरी आल्यावरचा पहिला आठवडा

मिरवणूक नंतर. आधी सगळ्या रबरी पेट्रोल नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या. ब्रेक फ्लुइड पूर्ण बदला, ब्रेकचे रबरी होज बघा. कोणतं तेल घालत होते ते मालकाला विचारून ठेवलेलं असेलच. कॅमशाफ्ट जुन्या फ्लॅट टॅपेट पद्धतीचा असेल तर त्याला जस्त-फॉस्फरस जास्त असलेलं तेल लागतं, दुकानातलं साधं आधुनिक तेल घालून कॅम खराब केलेली मंडळी कमी नाहीत. झेड/२८ सारख्या जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला प्रीमियम पेट्रोलच घाला, आणि गाडी दोन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकीत स्टॅबिलायझर. बॅटरीला कटऑफ स्विच बसवा आणि गॅरेजमध्ये, हात पोचेल अशा जागी, आग विझवायचा सिलिंडर टांगा.